तालीम शरीराची, तालीम मनाची



‘तालीम’ हा शब्द तुम्ही घरी आणि शाळेत रोज ऐकता. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. हा शब्द मराठी माणसालाही परका नाही. पण मराठीत त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे. कोल्हापुरात तुम्ही ‘इथे तालीम कुठे आहे?’ असे विचारले, तर लोक तुम्हांला शाळेकडे नेणार नाहीत. ते तुम्हांला लाल मातीच्या आखाड्याकडे नेतील. तिथे पहिलवान जोर काढतात, बैठका मारतात आणि कुस्तीचे डाव शिकतात. नाटकातील नट नाटकाचा सराव करतात, त्यालाही मराठीत तालीमच म्हणतात.

शब्द एकच, पण एका भाषेत तो बुद्धीजवळ राहिला आणि दुसऱ्या भाषेत शरीराजवळ. मला वाटते, हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून दूर नाहीत. पाढे पाठ करणारा मुलगा आणि दंड-बैठका काढणारा पहिलवान एकच गोष्ट करत असतात. आज जे केले, तेच ते उद्याही करतात, परवाही करतात. कंटाळा आला तरी करतात. यालाच मराठीत सवय म्हणतात आणि उर्दूत आदत. चांगली सवय लागली, की शरीर आणि मन दोन्ही चांगले काम करू लागतात. वाईट सवय लागली, की दोन्ही एकदम बिघडतात. या पाठात तुमच्याशी याच विषयावर बोलायचे आहे.

शरीर वेगळे आणि डोके वेगळे, असे आपण उगीचच समजतो. परीक्षा जवळ आली, की घरातील मोठी माणसे म्हणतात, ‘आता खेळ पुरे. पुस्तक घेऊन बस.’ जो मुलगा धावण्यात पहिला येतो, त्याला लोक म्हणतात, ‘याचे अभ्यासात काही खरे नाही.’ जी मुलगी वर्गात पहिली येते, ती मैदानाकडे फिरकतही नाही आणि तिचे कौतुक होते. हा विचार बरोबर नाही. आपला मेंदू आपल्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असतो; पण आपण बसून असतानाही शरीराला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. ही ऊर्जा त्याला कोण देते? रक्त देते. रक्त शुद्ध करण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे करतात, ते पुढे ढकलण्याचे काम हृदय करते आणि रक्ताला लागणारी सामग्री आपल्या ताटातून येते. म्हणजे गणित सोडवतो तो मेंदू. पण त्याच्या मागे सगळे शरीर उभे असते.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या बू अली सीना यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. इ. स. ९८० ते १०३७ हा त्यांचा काळ. वैद्यक आणि तत्त्वज्ञान या दोन्ही विषयांत ते आपल्या काळाच्या पुढे होते. ‘अल कानून फित्तिब’ या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी निरोगी माणसाने निरोगी कसे राहावे, याचाही विचार केला आहे. त्यात त्यांनी तीन गोष्टींना मोठे महत्त्व दिले : व्यायाम, अन्न आणि झोप. हजार वर्षे झाली. औषधे बदलली, यंत्रे आली. पण या तीन गोष्टींची जागा दुसऱ्या कशानेही घेतली नाही.

आपल्या विदर्भातही तालमीची मोठी परंपरा आहे. अमरावती येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिम्पिक स्पर्धा भरल्या, तेव्हा या मंडळाचे पथक तेथे गेले आणि भारतीय व्यायामप्रकारांची व खेळांची प्रात्यक्षिके त्याने जगातील लोकांसमोर केली. अमरावतीसारख्या त्या वेळच्या लहान शहरातील तरुण बर्लिनपर्यंत पोहोचले, ते पैशाच्या जोरावर नव्हे. ते तालमीच्या जोरावर पोहोचले.

आता तुमच्यापैकी काही जण मनात म्हणतील, ‘या गोष्टी शहरातल्या. आमच्या गावात ना व्यायामशाळा, ना मोठे मैदान. बदाम आणि फळे खायला पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आपण एका दूरच्या तालुक्याचा विचार करू. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला झरी जामणी नावाचा तालुका आहे. त्याच्या दक्षिणेला पैनगंगा नदी वाहते आणि नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. कापूस, तूर, सोयाबीन आणि ज्वारी ही इथली पिके. कोलाम आणि गोंड बांधवांची वस्ती मोठी. कोलामांच्या लहान वस्तीला इथे पोड म्हणतात. या भागात मराठी, उर्दू, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा भाषा कानांवर पडतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा ठिकाणी राहणाऱ्या मुलाला चांगल्या सवयी लावता येतील का? माझे उत्तर आहे, होय. पुष्कळशा लावता येतील. सगळ्या मात्र त्याच्या एकट्याच्या हातात नाहीत. कोणत्या हातात आहेत आणि कोणत्या नाहीत, हे नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम व्यायामाचे पाहू. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे तरी शरीराला चांगली हालचाल द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साठ मिनिटे ऐकून घाबरू नका. शाळेपर्यंत भरभर चालत जाणे, खो-खो, कबड्डी, लगोरी, दोरीवरच्या उड्या, विहिरीवरून पाणी आणणे, हे सगळे त्यात येते. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबातील अविनाश साबळे यांची शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर होती आणि जायला वाहन नव्हते. ते कधी चालत, तर कधी धावत शाळेत जात. पुढे ते सैन्यात गेले आणि तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. पुढच्याच वर्षी चीनमधील हांगचौ येथे आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. शाळेच्या वाटेवर धावणाऱ्या प्रत्येक मुलाला पदक मिळत नाही, हे खरे. पदकासाठी पुढे कित्येक वर्षे शिस्तीने सराव करावा लागतो. पण छाती, पाय आणि चिकाटी यांचा पाया त्या वाटेवरच घातला जातो.

विदर्भातील उन्हात मात्र व्यायामाची वेळ सांभाळली पाहिजे. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आधी किंवा मावळल्यानंतर खेळा. भर दुपारी धावणे म्हणजे शौर्य नव्हे. अंगातील पाणी कमी झाले, की आधी डोके दुखते, मग चिडचिड होते आणि वाचलेले लक्षात राहत नाही. म्हणजे येथेही शरीर थकले, की मन थकतेच.

दुसरी गोष्ट झोपेची. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणे हा आपल्याकडे मोठा पराक्रम मानला जातो. ‘मी रात्रभर जागलो’ असे मुले अभिमानाने सांगतात. पण तेरा ते अठरा वर्षे वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. दिवसभर जे वाचले, जे ऐकले, त्यातील गोष्टी झोपेत मेंदू पक्क्या करतो. दुकानदार दिवसभर माल घेतो आणि रात्री दुकान बंद करून तो जागच्या जागी लावतो, तसेच हे काम आहे. माल लावलाच नाही, तर सकाळी गिऱ्हाईक आल्यावर वस्तू सापडत नाही. रात्रभर जागलेल्या मुलाची परीक्षेत अशीच गत होते. उत्तर वाचलेले असते. पण आठवत नाही.

पूर्वी गावात अंधार पडला, की लोक लवकर झोपत. आता हातातला मोबाइल जागे ठेवतो. एक चित्रफीत संपली, की दुसरी आपोआप सुरू होते. ती थांबवण्याचे काम यंत्र करत नाही, ते आपल्यालाच करावे लागते. माझे स्पष्ट मत आहे, की झोपण्यापूर्वी एक तास मोबाइल दुसऱ्या खोलीत किंवा आईवडिलांजवळ ठेवावा. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी फजरच्या अजानबरोबर माणसे उठतात. ही फार चांगली सवय आहे. पण पहाटे उठायचे असेल, तर रात्री वेळेवर झोपलेच पाहिजे. नाहीतर उठणारे शरीर असते आणि डोके वर्गात बाकावर झोपलेले असते.

तिसरी गोष्ट अन्नाची. चांगले अन्न म्हणजे महाग अन्न, हा मोठा गैरसमज आहे. आपल्याच शेतात पिकणाऱ्या ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, तीळ आणि गूळ यांत पुष्कळ ताकद आहे. पावसाळ्यात बांधावर तरोटा उगवतो. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी आपल्या आज्या करत आल्या आहेत. ज्यांच्या घरी चालते, त्यांना अंडी, मासे आणि मांस यांतूनही प्रथिने व लोह मिळते. पाच-दहा रुपयांच्या चकचकीत पुड्यांत मीठ आणि तेल मात्र भरपूर असते. त्या पुड्या भूक मारतात. पण पोषण करत नाहीत.

अन्नाच्या बाबतीत एक गोष्ट मुलींनी आणि त्यांच्या भावांनीही लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात २०१९ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे त्यात दिसून आले. हिमोग्लोबिन कमी म्हणजे रक्त ऑक्सिजन कमी वाहून नेणार. मग जिना चढताना धाप लागते, वर्गात झोप येते, वाचताना लक्ष उडते. लोक म्हणतात, ‘पोरगी आळशी आहे.’ ती आळशी नसते. तिच्या रक्तात लोह नसते. अशा मुलीने शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, ती खिडकीबाहेर टाकू नये. जेवणात लिंबू पिळावे, कारण त्यामुळे अन्नातील लोह शरीराला अधिक मिळते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहा लोह अडवतो. आणि आणखी एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा : आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? तिच्यासाठी पातेल्यात भाजी उरते का? बहिणीला आणि आईला आपल्याबरोबर जेवायला बसवणे, ही सुद्धा आरोग्याचीच सवय आहे.

आतापर्यंत चांगल्या सवयी पाहिल्या. आता एका वाईट सवयीबद्दल बोलले पाहिजे. विदर्भात राहून तिच्याबद्दल गप्प बसणे म्हणजे डोळेझाक करणे होईल. ती सवय म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा करतात. पानठेल्यावर तो मिळतो, बापाच्या खिशात असतो, शेतावर मजुरांमध्ये वाटला जातो. मोठ्यांचे पाहून मुले खातात. ‘एकदा खाऊन बघ’ असे म्हणणारा मित्र नेहमी भेटतो.

खर्रा खाणारी मुले म्हणतात, ‘खर्रा खाल्ला, की डोके चालते.’ हे का वाटते, ते समजून घ्या. तंबाखूत निकोटिन असते. त्याची सवय झाली, की ते न मिळाल्यास माणूस बेचैन होतो. त्याचे कशात लक्ष लागत नाही. मग खर्रा तोंडात टाकला, की ती बेचैनी थोडा वेळ थांबते आणि त्याला वाटते, डोके चालू लागले. म्हणजे खर्ऱ्याने जे बिघडवले, तेच तो तासाभरापुरते दुरुस्त करतो आणि पुन्हा बिघडवतो. ज्याने खर्रा कधीच खाल्ला नाही, त्याचे डोके तर कायमच चालू असते!

नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. तिने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. सुपारीमुळे गालांची आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. आपल्या हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात सहज जातात का, ते पाहा. जात नसतील, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. ज्या तोंडाने भाकर खायची, धडा वाचायचा, मित्रांशी बोलायचे, तेच उघडले नाही तर काय उरले? कायदाही तुमच्या बाजूने आहे. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तो विकणे गुन्हा आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण कायदा पानठेल्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. म्हणून पहिला ‘नाही’ आपल्याच तोंडून यायला हवा. ज्याला सवय लागली आहे, त्याने मात्र लाजू नये. सवय सोडायला मदत लागते आणि मदत मागणे हा कमीपणा नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमातून गावोगाव दारू आणि तंबाखू सोडवण्याचे काम झाले आहे. गावाने मनावर घेतले, तर काय होऊ शकते, ते यातून दिसते.

‘सवय सुटत नाही’ असे जो म्हणतो, त्याला मी एवढेच विचारीन : रमजानच्या महिन्यात आपण काय करतो? विदर्भातील कडक उन्हातही रोजा धरणारी माणसे पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. पाणी समोर असते, बघणारे कोणी नसते, तरी ते हात पुढे करत नाहीत. ज्या मनाला पाण्यावर ताबा ठेवता येतो, त्याला एका पुडीवर ताबा ठेवता येणार नाही का? अकरा महिने खर्रा खाणारा माणूस त्या महिन्यात दिवसभर तो खात नाही, म्हणजे ताकद त्याच्यात आहे. ती ताकद त्याने एकाच महिन्यापुरती ठेवू नये.

आता मी जे म्हटले होते, की सगळ्या सवयी एकट्याच्या हातात नाहीत, त्याकडे वळू. ‘भरपूर पाणी प्या’ हे वाक्य आरोग्याच्या प्रत्येक पुस्तकात असते. पण कोणते पाणी? झरी जामणी आणि शेजारच्या केळापूर तालुक्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. जमिनीखालच्या खडकांतून ते पाण्यात विरघळते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा झरा, दुसरी विहीर नसेलच, तर दीड मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी वापरता येते. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग पडतात. पुढे सांधे दुखतात, पाठ आणि मान ताठ होते, वाकणे कठीण जाते. उष्ण प्रदेशात माणूस जास्त पाणी पितो, त्यामुळे फ्लोराइडही जास्त जाते. ज्या चांगल्या सवयीने शरीर सुधारायचे, तीच इथे शरीर बिघडवते!

म्हणून, मित्रांनो, एखाद्या मुलाचे दात पिवळे दिसले, तर ‘तू दात घासत नाहीस का?’ असे म्हणण्यापूर्वी थांबा. फ्लोराइडचे डाग दातांच्या आत असतात, ते घासून जात नाहीत. तो मुलगा कदाचित तुमच्यापेक्षा जास्त वेळ दात घासत असेल. एखादी मुलगी कवायतीत पुरती वाकली नाही, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी ती कोणत्या हातपंपाचे पाणी पिते, ते विचारा. दोष सवयीचा आहे की पाण्याचा, हे ओळखता आले पाहिजे. नाहीतर आपण आजारी माणसालाच गुन्हेगार ठरवू.

फ्लोराइडला रंग नसतो, वास नसतो. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. म्हणून पाण्याची तपासणी हाच पहिला उपाय. एकाच गावात एका हातपंपाचे पाणी चांगले आणि दुसऱ्याचे वाईट असू शकते. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करण्याची पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७० च्या दशकात तयार केली. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यावरून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. त्या द्रव्यांचे प्रमाण जाणकारांनीच ठरवायचे असते, घरी अंदाजाने नव्हे. स्वच्छ छपरावरून नीट साठवलेल्या पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसते. नदी-तलावाचे शुद्ध केलेले पाणी नळाने घरोघरी येणे, हा टिकाऊ मार्ग आहे.

ही कामे चौदा वर्षांच्या मुलाने करायची नाहीत. ती ग्रामपंचायतीची आणि सरकारची आहेत. पण प्रश्न विचारण्याचे काम मुलगाही करू शकतो. तुम्ही मराठीच्या तासाला अर्ज लिहायला शिकता. ‘मराठी आम्हांला कशाला?’ असे कधी तुमच्या मनात येत असेल. तर ऐका. ग्रामपंचायतीचा कारभार मराठीत चालतो. ‘आमच्या वस्तीतील हातपंपाच्या पाण्याची तपासणी करावी आणि निकाल फलकावर लावावा’ एवढे चार ओळींत मराठीत लिहा. गुरुजींना दाखवा, वडिलांची सही घ्या आणि ग्रामसभेत द्या. हीसुद्धा तालीम आहे आणि तिचा फायदा सगळ्या गावाला होतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. चांगले काय हे कळणे आणि ते अंगी लागणे यांत अंतर असते. गडचिरोली जिल्ह्यात १९८६ पासून लोकांच्या आरोग्यासाठी काम करणारे डॉ. अभय बंग स्वतः डॉक्टर. तरीही वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांना हृदयविकाराने गाठले. त्यानंतर आहार, चालणे, योग आणि ध्यान यांच्या साहाय्याने त्यांनी आपले जगणे कसे बदलले, हे त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात सांगितले आहे. डॉक्टरांनाही जर सवय प्रयत्नाने लावावी लागते, तर आपण एका दिवसात बदलू, अशी अपेक्षा कशाला?

एकवीस दिवसांत सवय लागते, असे लोक सांगतात. लंडनमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवी सवय पक्की व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला अठरा दिवस पुरले, तर कोणाला आठ महिन्यांहून अधिक काळ लागेल असे दिसले. मधला एखादा दिवस चुकला, तरी फारसे बिघडले नाही. म्हणून एका वेळी एकच सवय घ्या. ती लहान असू द्या. रोजच्या एखाद्या कामाला ती जोडा. सकाळी तोंड धुतले, की वीस बैठका. शाळेतून आल्यावर अर्धा तास मैदान. रात्री जेवण झाले, की पुस्तक मिटून आज काय शिकलो ते आठवून पाहणे. वहीच्या मागच्या पानावर रोज एक खूण करा. एक दिवस खूण राहिली, तर रडत बसू नका. दुसऱ्या दिवशी मात्र चुकवू नका.

मराठीत अभ्यासाला बसण्यालाही बैठक म्हणतात आणि पहिलवान काढतो तीही बैठकच. पहिल्या दिवशी दहा बैठकांनी पाय दुखतात, पहिल्या दिवशी दहा पाने वाचून डोके दुखते. महिन्याने दोन्ही सोपे वाटते. पाय तेच असतात, डोकेही तेच असते. त्यांना तालीम मिळालेली असते. ही तालीम विकत मिळत नाही आणि कोणी दुसरा आपल्यासाठी करू शकत नाही. आपल्या हातात आहे ते आपण रोज करावे. जे हातात नाही, ते ठामपणे मागावे. उद्या सकाळी पहिली खूण वहीत पडू द्या.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठीत ‘तालीम’ या शब्दाचे कोणते अर्थ आहेत?
(आ) बू अली सीना यांनी कोणत्या तीन गोष्टींना महत्त्व दिले?
(इ) पाणी उकळल्याने फ्लोराइड का कमी होत नाही?

२. कारणे लिहा.
(अ) परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नये.
(आ) पिवळे दात असलेल्या मुलाला दोष देऊ नये.

३. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधा. त्यांचे दोन्ही भाषांतील अर्थ सारखे आहेत का, ते सांगा.

४. तुमच्या वस्तीतील पिण्याच्या पाण्याची तपासणी करण्याविषयी ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला अर्ज लिहा.